वेबिलाबाहेरचा हिशेब

श्रम आणि त्यांचे मोल हा विषय संपादकांनी यंदाच्या दिवाळी अंकासाठी सुचविला, तेव्हा त्यांच्या मनश्चक्षूंपुढे बहुधा हिंजवडीच्या काचेच्या इमारती, रात्री अकराला उजळलेले संगणकांचे पडदे आणि सुटीच्या दिवशीही स्वस्थ न बसणारे भ्रमणध्वनी असावेत; कारण नोकरीतील ताणाविषयी अलीकडे जे लिहिले जाते, ते बहुतांशी खुर्चीवर बसून काम करणाऱ्या आणि आपले दुःख सुसूत्र शब्दांत मांडू शकणाऱ्या वर्गाविषयीच लिहिले जाते. त्या वर्गाचे दुःख खोटे आहे असे नव्हे. पण त्याला वकील पुष्कळ आहेत. म्हणून मी एस.टी.च्या आगाराची वाट धरली.

राज्य परिवहन महामंडळाच्या अडीचशेच्या आसपास आगारांतून ऐंशी-नव्वद हजार माणसांचा चरितार्थ चालतो, हे एक कारण. दुसरे कारण असे की, या खात्यात प्रत्येक फेरीचा, डिझेलच्या प्रत्येक लिटरचा आणि उतारूने दिलेल्या प्रत्येक रुपयाचा जमाखर्च लिहिला जातो. इतका की, ब्रिटिश अमदानीतील एखाद्या मामलेदाराच्या दफ्तरालाही त्याचा हेवा वाटावा. माणूस नोकरीला काय देतो आणि नोकरी त्याला काय देते, या देवघेवीचा शोध घ्यावयाचा, तर जेथे सर्व काही लिहिले जाते तेथेच जाऊन काय लिहिले जात नाही हे पाहावे, असे मला वाटले.

पहाटेची खिडकी

देशावरील एका तालुक्याच्या गावचे हे आगार. पहाटे साडेचारचा सुमार. गाव झोपेत, स्थानकासमोरच्या हॉटेलवाल्याने नुकतेच चहाचे पहिले आधण चढविलेले, आणि आगाराच्या एका खिडकीपुढे खाकी कपड्यांतील माणसांची रांग लागलेली. खिडकीतून वाहकाला तिकिटाचे यंत्र, वेबिल नावाचा हिशेबाचा कागद आणि सुट्या पैशांची लहानशी रक्कम मिळते. सही करून ती ताब्यात घेतल्या क्षणापासून यंत्रातील प्रत्येक तिकीट आणि चामड्याच्या पिशवीतील प्रत्येक नाणे यांचा तो जबाबदार होतो. चालक लॉगशीट घेतो आणि भ्रमणध्वनीच्या उजेडात गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालतो. टायर पाहतो, पाणी पाहतो, आरसा हलवून पाहतो. त्या दिवशी एका गाडीचा आरसा सैल होता. कार्यशाळेतला रात्रपाळीचा माणूस हात पुसत आला, त्याने स्क्रू आवळून पाहिला, आटा गेला होता. "आज चालवून घ्या, उद्या बघू," असे म्हणून तो आत गेला आणि चालकाने खिशातून दोरीचा तुकडा काढला. दोरी त्याच्या खिशात आधीपासूनच होती, याची मी नोंद घेतली.

खिडकीशेजारी ड्युटीचा फळा. कोणाला कोणती गाडी, कोणाची साप्ताहिक सुटी, कोणाची रद्द, हे त्यावर ठरते. म्हणून कामावर येणारा माणूस आपल्या अंगावरील डगला काढण्यापूर्वी फळा पाहतो. चाळिशीच्या आसपासचे एक वाहक तेथे काही वेळ निश्चल उभे होते. दुसऱ्या दिवशीची त्यांची सुटी खोडून तेथे एका लांब पल्ल्याच्या गाडीचा क्रमांक घातला होता.

"सुट्टी होती ना तुमची?" मी विचारले.

"होती. पोरीच्या शाळेत पालकांना बोलावलंय. आता तिची आई जाईल." मग क्षणभराने, "आत जाऊन मागितली तर मिळंलही. पण मागायला त्या खिडकीशी उभं राहायचं, हे ड्युटीपेक्षा जड जातंय, साहेब."

मोटार वाहतुकीतील कामगारांसाठी संसदेने १९६१ साली जो कायदा केला, त्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली, पाच तासांच्या कामानंतर किमान अर्धा तास विश्रांती सांगितली, आणि आणखी एक गोष्ट मान्य केली, जिचे महत्त्व आगारात गेल्यावाचून ध्यानी येत नाही. ती म्हणजे, या आठ तासांचा पसारा बारा तासांपर्यंत असू शकेल. सकाळी दोन फेऱ्या झाल्या, मग परगावच्या स्थानकावर दुपारी तीन तास गाडी उभी राहिली, मग परतीची फेरी. त्या तीन तासांत माणूस घरी नसतो आणि कामावरही नसतो. पत्र्याच्या छपराखाली, पंखा फिरत असेल तर पंख्याखाली, पाठीखाली वर्तमानपत्र घालून तो पडून राहतो. दफ्तरी त्याला विसावा म्हणतात; त्या माणसाला विचारले तर तो खोळंबा म्हणेल. गाडी सुटण्यापूर्वी खिडकीपुढे गेलेला आणि परतल्यावर रोकड मोजून भरणा करण्यासाठी दुसऱ्या खिडकीपुढे गेलेला वेळ कागदावर धरलेला असतो, पण थोडका. रांग लांबली म्हणून कागद लांबत नाही.

टप्पा

बाजाराच्या दिवशी मी एका साध्या गाडीत मागच्या दाराजवळ उभा राहिलो. बसण्याचा प्रश्नच नव्हता. एस.टी.चे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्याने आकारले जाते, आणि वाहकाने पुढचा टप्पा येण्यापूर्वी मागच्या थांब्यावर चढलेल्या सर्वांची तिकिटे पुरी करावी अशी अपेक्षा असते. चांगल्या रस्त्यावर सहा किलोमीटर म्हणजे आठ-दहा मिनिटे. एवढ्या अवधीत तीस माणसांच्या अंगाअंगांतून वाट काढणे, प्रत्येकाचे गाव विचारणे, यंत्रावर ते शोधणे, पैसे घेणे, सुटे देणे आणि दोरी ओढून घंटी वाजवणे ही कामे दोन हातांनी करावयाची, आणि तिसऱ्या हाताने दांडी धरावयाची.

त्यात सवलती. विद्यार्थी, अपंग, स्वातंत्र्यसैनिक, पत्रकार अशा नाना वर्गांना मिळून तीसच्या घरात सवलतींचे प्रकार आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना निम्म्या भाड्यात तिकीट मिळू लागले. या दोन्ही योजना उत्तम आहेत हे मी येथेच सांगून टाकतो. माहेराला, दवाखान्याला, बाजाराला स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या मर्जीने निघालेल्या बायकांनी भरलेली गाडी पाहून ज्याला आनंद होत नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तथापि शासनाने उदार अंतःकरणाने दिलेले प्रत्येक दान शेवटी या एकाच माणसाच्या दोन हातांतून उतरते, आणि गर्दी वाढली म्हणून त्याला तिसरा हात कोणी दिलेला नाही. विनामूल्य प्रवाशालाही शून्य रुपयाचे तिकीट द्यावेच लागते, आणि ते देण्यापूर्वी वयाचा दाखला पाहावा लागतो.

"आजी, आधार दाखवा."

"माझं केस दिसत न्हाईत व्हय रं तुला?"

गाडी हसली. वाहकही हसला, पण आधार दाखविल्याशिवाय त्याला पुढे सरकता येईना, आणि आजींचे आधारकार्ड पिशवीच्या तळाशी, मेथीच्या जुडीखाली, प्लॅस्टिकच्या तीन वेष्टनांत होते. तेवढ्यात टप्पा आला.

पुढे बसलेल्या चालकाचा ताण निराळ्या जातीचा. इंजिनाची ऊब त्याच्या डाव्या मांडीला सारखी लागत असते. वेळापत्रक जुन्या रस्त्याचे आणि रहदारी आजची, अशी त्याची अडचण असते. दहा लिटर डिझेलमध्ये गाडी किती किलोमीटर धावली याचा जो आकडा निघतो, त्याला आगारात केपीटीएल म्हणतात, आणि तो घसरला की चालकाला विचारणा होते. गाडी जुनी असली, घाट असला, दर दोनशे कदमांवर गतिरोधक असला, तरी आकडा त्याच्याच नावावर लागतो. वेळेवर पोहोचण्यासाठी पळवावी तर डिझेल जाते, डिझेल वाचवावे तर वेळ जाते. या दोन्ही हुकमांवर सही एकाच कार्यालयाची असते.

विश्वासाचा बिल्ला

परंतु आगारात जी माणसे मला भेटली, त्यांच्या बोलण्यात श्रमाची तक्रार आश्चर्य वाटावे इतकी थोडी होती. ज्या गोष्टीपाशी बोलणे पुन:पुन्हा येऊन थांबे, ती गोष्ट वेगळी होती.

मार्गावर कोठेही तपासणी पथक गाडी थांबवू शकते. पथकातील लोक उतारू मोजतात, यंत्राचा आकडा जुळवतात, मग वाहकाची पिशवी मोजतात. वाहकाने घरून आणलेले स्वतःचे पैसे किती आहेत, हेही ड्युटीच्या प्रारंभी वेबिलावर नोंदवावे लागते. म्हणजे वाटेत मुलासाठी वही घ्यावी म्हणून बायकोने दिलेली शंभराची नोटसुद्धा आधी सरकारदरबारी रुजू करावयाची. रोकड कमी निघाली तर दोष, आणि जास्त निघाली तरी दोष. मग दोषारोपपत्र, कैफियत, चौकशी आणि शिक्षा, असा शिरस्ता. शिक्षा वेतनवाढ रोखण्यापासून बडतर्फीपर्यंत कोणतीही. वाहक हा संस्थेचा विश्वस्त असल्यामुळे अपहाराची रक्कम किती क्षुद्र आहे हे पाहण्याचे कारण नाही, विश्वासभंग हाच मुख्य अपराध, असे सर्वोच्च न्यायालयानेही अशा प्रकरणांत सांगितले आहे.

अपहार होत नाहीत असे कोणीच म्हणत नाही. वाहक स्वतःच तुम्हांला त्याच्या युक्त्या हसत सांगतात. रोकड हाताळणाऱ्यावर देखरेख हवीच. पण नियम अप्रामाणिकांसाठी लिहिलेले असले, तरी त्यांचा जाच प्रतिदिनी प्रामाणिकांनाच भोगावा लागतो, कारण संख्येने तेच अधिक असतात. आणि भर गाडीत, आपल्याच गावच्या पाहुण्यांदेखत, हात वर करून पिशवी मोजून घेणाऱ्या माणसाच्या मनात काय चालते याला वेबिलात रकाना नाही. निवृत्तीला आलेले एक वाहक म्हणाले, "एवढ्या वर्षांत माझ्या पिशवीत एक रुपया इकडचा तिकडं झाला नाही, याचा कागद कुठंच नाही. एकदा झाला असता, तर लगेच कागद झाला असता."

या लेखासाठी मी जे ऐकले, त्यात याहून नेमके वाक्य मला मिळाले नाही. चालकाला निदान दीर्घकाळच्या विनाअपघात सेवेबद्दल समारंभात बोलावून गौरविले जाते. वाहकाच्या निष्कलंकतेला समारंभ नाही, कारण निष्कलंक असणे हे त्याचे कर्तव्यच होय, असे खाते मानते. खात्याचे तर्कशास्त्र अचूक आहे. माणसाचे मन मात्र तर्कशास्त्रावर चालत नाही.

लंडनचे वाहक आणि जर्मनीचे अध्यापक

शास्त्रज्ञांचे लक्ष बसगाड्यांकडे फार पूर्वीच गेले होते. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्या हजारो माणसांची प्रकृती पाहता, दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक जडतो आणि दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी, असे त्यांना आढळले होते. व्यायामाच्या महतीचा हा पहिला मोठा पुरावा म्हणून तो निबंध प्रसिद्ध आहे. पुढे मॉरिस यांनी एक मौजेची गोष्ट केली. कामावर मिळणाऱ्या गणवेषाची मापे त्यांनी तपासली, आणि चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांहून मोठा असतो, तोही तरुणपणापासूनच, असे दाखवून दिले. विद्वत्तेला शिंप्याच्या वहीचे वावडे नसावे, याचे हे सुरेख उदाहरण. आपल्या एकमजली गाडीतील वाहकाला जिना नाही. त्याच्या वाट्याला नुसते उभे राहणे आले.

मॉरिस यांनी शरीर पाहिले. शरीरापलीकडे पाहणारी एक उपपत्ती १९९६ साली योहानेस झीग्रिस्ट या जर्मनीतील वैद्यकीय समाजशास्त्रज्ञाने विस्ताराने मांडली. तिचा गाभा असा की, नोकरी हा मुळात परस्परांतील देवघेवीचा करार आहे. माणूस श्रम, वेळ आणि चिंता देतो. त्याच्या बदल्यात त्याला केवळ वेतन नव्हे, तर मान आणि भवितव्याची शाश्वती हीही मिळावयाची असतात. श्रम जड आहेत एवढ्याने माणूस खचत नाही. श्रम जड आणि परतावा हलका, अशी स्थिती वर्षानुवर्षे राहिली, की मनातील अन्यायाची जाणीव शरीरात उतरते, रक्तदाब वाढतो, झोप उडते, हृदय थकते. झीग्रिस्ट आणि त्यांच्या मागून आलेल्या संशोधकांनी जर्मन कारखान्यांतील कामगारांत आणि लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील नोकरांत याची प्रचीती घेतली.

मग असला तोट्याचा करार माणूस मोडून का टाकत नाही? झीग्रिस्ट यांनी या प्रश्नाचाही विचार केला आहे, आणि त्यांची उत्तरे वाचताना आपल्या आगाराच्या उपाहारगृहात बसून त्यांनी ती लिहिली की काय असे वाटते. एक तर दुसरीकडे काम नसते. कोरडवाहू चार एकर आणि पदवीचे प्रमाणपत्र एवढी मिळकत असलेल्या तरुणाला ही खाकी मिळते, तेव्हा ती सोडून तो जाणार कोठे? दुसरे, पुढे काही मिळेल या आशेने माणूस आजचा तोटा जाणूनबुजून सोसतो. रोजंदारीवर आणि कनिष्ठ वेतनश्रेणीत काढलेली एस.टी.तील पहिली वर्षे ही अशीच आशेवर काढलेली असत. आणि तिसरे, काही माणसांचा स्वभावच असा असतो की, काम अंगाला चिकटले की सुटत नाही. दोरीचा तुकडा खिशात बाळगणारा तो चालक या तिसऱ्या जातीचा. ज्या संस्थेला अशी माणसे फुकट लाभतात, ती संस्था बहुधा आरसा दुरुस्त करीत नाही.

तासांच्या प्रश्नाला अर्थातच स्वतंत्र महत्त्व आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मिळून जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार आठवड्याला पंचावन्न किंवा अधिक तास काम करण्यामुळे ओढवलेल्या पक्षाघाताने आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगात सुमारे ७,४५,००० माणसे दगावली.

मुक्कामी गाडी

एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत या गाड्या जेथे गेल्या तेथे त्या आधुनिक जगाच्या पहिल्या दूत म्हणून गेल्या. संध्याकाळी गावात येऊन रात्री तेथेच राहणारी आणि पहाटे गाव घेऊन निघणारी मुक्कामी गाडी ही त्या काळाची निर्मिती. वाहकाला लोक ‘मास्तर’ म्हणत. वर्तमानपत्र, औषधाची बाटली, शहरात शिकणाऱ्या मुलाचा डबा, सासुरवाशिणीचा निरोप हे सारे मास्तरांच्या हवाली केले जाई, आणि रात्री कोणा ना कोणाच्या घरून भाकरीची पाटी येई. यांतील एकही काम त्याच्या नेमणुकीच्या हुकमात लिहिलेले नव्हते, आणि भाकरीही वेतनाच्या पत्रकात नव्हती. तरीही हा एक चोख व्यवहार होता, आणि दोन्ही बाजूंना तो पटलेला होता.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावी मी अशाच गाडीने गेलो. आठ वाजता पोहोचलो तेव्हा गाडीत आठच उतारू उरले होते. गाडी देवळासमोर लागली. ज्या खोलीत चालक-वाहकांनी निजावयाचे, तिच्यात निवडणुकीचे फलक आणि खताची रिकामी पोती होती. म्हणून चालकाने मागच्या बाकावर अंथरूण घातले, आणि वाहकाने रोकडीची पिशवी उशाशी घेऊन, तिचा पट्टा मनगटाला गुंडाळून, मधल्या बाकावर. दोघांनी घरून आणलेला डबा खाल्ला. मच्छरदाणी खिडकीच्या गजांना बांधण्यात त्यांचा हात बसलेला होता.

"पूर्वी इथं जेवण यायचं," चालक म्हणाले. "आता घराघरात मोटारसायकल आहे, गाडीचं कौतुक कुणाला? मास्तर, आपल्याला शेवटचं कधी आलं होतं?"

"मागल्या जत्रेला," मास्तर म्हणाले. "आणि त्या शाळेच्या बाई देतात कधी कधी चहा."

या आठवणींनी गहिवरून जाणे सोपे आहे, आणि दिवाळी अंकांतून आपण ते पुष्कळ वेळा केले आहे. मला मात्र याची दुसरी बाजू दिसू लागली. त्या भाकरीच्या पाटीने मुळात महामंडळाचे काम केले. वेतनात जी तूट होती ती गावाने मानपानाने भरून काढली, आणि त्यामुळे वेतनाचा, निजावयाच्या खोलीचा, रात्रवस्तीच्या भत्त्याचा प्रश्न दशकानुदशके कोणाला तातडीचा वाटला नाही. गाव बदलले, पाटी बंद झाली, आणि जी तूट आजवर झाकलेली होती ती उघडी पडली. गावाने हात आखडला याबद्दल गावाला दोष देता येत नाही. ते देणे त्याचे नव्हतेच.

पहाटे पावणेसहाला गाडी निघाली तेव्हा वाहकांनी डोळ्यांवर पाणी मारले होते आणि सदरा बदलला होता. पहिल्या थांब्यावर कॉलेजच्या मुलींचा घोळका चढला. "काका, सुट्टे नाहीत, ऑनलाइन घ्या ना." तेथे भ्रमणध्वनीला रेंज नव्हती. काकांनी तिकिटे आधी दिली, पैसे घाट उतरल्यावर घेतले. नियमाने हा अपराध आहे.

सहा महिन्यांचा संप

२०२१ च्या दिवाळीत एस.टी.चे कर्मचारी संपावर गेले, आणि तो संप पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. शहरी वाचकाला त्यात एक कोडे पडले होते. २४ नोव्हेंबरला शासनाने मूळ वेतनात घसघशीत वाढ जाहीर केली. दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना ५,००० रुपये, दहा ते वीस वर्षेवाल्यांना ४,००० आणि त्याहून जुन्यांना २,५००. इतके मिळूनही हजारो लोक कामावर परतले नाहीत. निलंबने झाली, बडतर्फीचे हुकूम निघाले, घरोघरी उसनवारी सुरू झाली, तरी त्यांचा हेका एकच: महामंडळ शासनात विलीन करा.

यामागील राजकारण मी येथे सोडून देतो. ते होते आणि भरपूर होते. पण संपाच्या मांडवात बसलेल्या सामान्य वाहकाला विलीनीकरण या जड शब्दातून काय हवे होते, हे झीग्रिस्ट यांच्या उपपत्तीने उलगडते. त्याला पैशाहून अधिक हवी होती ती शाश्वती. कारण लगतच्या भूतकाळात त्याने २०२० साल पाहिले होते: टाळेबंदीत परप्रांतीय मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत पोहोचविले ते त्याने, मुंबईत बेस्टच्या दिमतीला जिल्ह्याजिल्ह्यांतून बोलावून नेले ते त्याला, आणि त्याच वर्षी महिनोन्महिने पगार रखडला तोही त्याचाच. शेजारच्या तहसील कचेरीतील शिपायाचा पगार मात्र महिन्याच्या महिन्याला होत होता. निवृत्तिवेतनाचेही तेच. एस.टी.चा नोकर भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत मोडतो. त्या योजनेत वेतन कितीही असले तरी हिशेबाला १५,००० रुपयांचीच मर्यादा धरली जाते, आणि सेवेच्या वर्षांनी गुणून सत्तरने भागले जाते. पस्तीस वर्षे गाडी हाकलेल्या माणसाने हे गणित केले, तर उत्तर ७,५०० रुपये येते. हे गणित आगारात सर्वांना तोंडपाठ आहे.

विलीनीकरण झाले नाही. न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने ते नाकारले, आणि उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्यास सांगितल्यावर लोक परतले. वेतनवाढीनेही एक नवीन सल मागे ठेवला. ज्याने अधिक वर्षे दिली त्याला कमी वाढ, या विपरीत न्यायामुळे जुन्याचे आणि नव्याचे मूळ वेतन जवळजवळ आले, आणि वीस-पंचवीस वर्षे घातलेला माणूस स्वतःच्या हाताखाली शिकलेल्या पोराच्या पगारपत्रकाकडे पाहू लागला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा संप झाला, तेव्हा तिन्ही गटांची वाढ एकूण ६,५०० रुपयांवर आणून हा भेद मिटविण्यात आला. पाच हजारवाल्यांना दीड हजार, चार हजारवाल्यांना अडीच आणि अडीचवाल्यांना चार, असे. सर्वांत जुन्या माणसाला आपण उणे नाही हे कळावयास जवळजवळ तीन वर्षे लागली.

खोली, फळा आणि पुस्तक

ताणावर उपाय म्हणून हल्ली आस्थापनांत व्याख्याने ठेवण्याची प्रथा पडली आहे. वक्ता प्राणायाम शिकवितो, सकारात्मक विचार करा म्हणतो, आणि अल्पोपाहार होतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्याची सुटी आदल्या रात्री पेन्सिलीने खोडली जाते, त्याला दीर्घ श्वास घ्यावयास सांगणे म्हणजे खोडणाऱ्याची जबाबदारी त्याच्या फुप्फुसांवर टाकणे होय. आगारातील लोकांना मी काय हवे म्हणून विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे इतकी लहान होती की मलाच ओशाळल्यासारखे झाले. निजावयाच्या खोलीला जाळी आणि पाणी. वाहक स्त्रियांसाठी परगावच्या स्थानकावर कडी लागणारे स्वच्छतागृह. महिन्याचा ड्युटीचा फळा महिन्याच्या आरंभी. सुटी रद्द करावयाचीच तर तसे तोंडाने येऊन सांगणे. यांतील बहुतेक गोष्टींना मंत्रिमंडळाची बैठक लागत नाही. आगार व्यवस्थापकाची इच्छा पुरते, आणि ज्या आगारांत ती आहे तेथला फरक पाय ठेवताच कळतो.

या दिवाळीतही जादा गाड्या सुटतील, आषाढीला आणि गणपतीला सुटतात तशाच. आषाढी-गणपतीच्या काळात पाच-पाच हजार गाड्या जादा धावतात, आणि तुमच्याआमच्या सणाच्या दिवशी त्यांचे चालक-वाहक घराबाहेर असतात. प्रत्येक स्थानकात वाहतूक नियंत्रकाकडे तक्रार-सूचनांचे पुस्तक असते. मी एका स्थानकात ते चाळून पाहिले. पानेच्या पाने तक्रारी होत्या, आणि त्यांतल्या कित्येक रास्तही होत्या. वाहकाच्या छातीवर बिल्ला असतो, त्यावर क्रमांक असतो. गावी जाताना किंवा परतताना कोणी मास्तरांनी म्हातारीला हात धरून उतरविले, विसरलेली पिशवी परत केली, किंवा नुसते नीट उत्तर दिले, तर तो क्रमांक टिपून घ्या आणि उतरल्यावर पुस्तक मागून दोन ओळी लिहा. पुस्तक मागितले की द्यावे लागते, आणि त्यात लिहिलेले कागदावर येते.